गटात न बसणारा पोपट

दरवर्षी थंडीत नागपुरात दोन गोष्टी येतात: मंत्री आणि पोपट. मंत्री हिवाळी अधिवेशनाला येतात. त्यांच्या आधी रस्त्याकडेच्या दगडांना चुना लागतो, खड्ड्यांत मुरूम पडतो आणि मोकाट गाईंची कुठेतरी सोय लागते. पोपटांसाठी यातलं काहीच करावं लागत नाही. ते टोपलीतून येतात, ओल्या गोणपाटाखाली झाकून, आणि मंत्री परत गेले तरी संक्रांत ओलांडून मुक्काम करतात. दोघांपैकी पोट कशानं भरतं ते सांगायला नको.

विदर्भाबाहेरच्या वाचकानं एव्हाना डोळ्यांसमोर पिंजरा आणला असेल, तर तो परत ठेवावा. आमच्याकडे पोपट ही शेंग आहे. वालाची चुलतबहीण म्हणा. हिरवीगार, मधेमधे फुगलेली, आत तसेच हिरवे दाणे. वांग्यात घालतात, नुसत्या फोडणीवर परततात, दाणे कोवळे असले तर पोरं सोलता सोलता कच्चेच संपवतात. हिला पोपट हे नाव कुणी दिलं माहीत नाही. पण ज्यानं दिलं त्यानं रंग बघून दिलं असणार, आणि नाव ठेवताना परवानगी कुणाची घ्यावी लागते हे त्याला ठाऊक नसणार.

आज सकाळी प्रताप नगरच्या चौकात हातगाडीवर यंदाचे पहिले पोपट दिसले. घेतले. घरी येऊन जुनं वर्तमानपत्र पसरून सोलायला बसले, तर समोर नात अभ्यास करत होती. ती चौथीत आहे, आणि हल्ली चौथीच्या मुलांना जितक्या परीक्षा असतात तितक्या आमच्या वेळी कलेक्टरलाही नसाव्यात. तिच्या शिकवणीच्या दारावर गेल्या वर्षीच्या यशवंतांचे चेहरे छापलेला फ्लेक्स आहे. त्यातलं प्रत्येक मूल दाढदुखी लपवल्यासारखं हसतं.

नातीनं पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "आजी, सगळे बरोबर होते, शेवटच्याला माझा पोपट झाला."

आजच्या पोरांच्या भाषेत पोपट होणं म्हणजे फजिती होणं. तिला त्यापलीकडे काही म्हणायचं नव्हतं. पण माझ्या हातातली शेंग हातातच राहिली, आणि विमल आठवली. विमल आणि मेश्राम गुरुजी.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. उत्तर नागपुरातल्या विणकरांच्या वस्तीत आमची शाळा होती, चौथीपर्यंतची. चौथीनंतर ज्याला शिकायचं त्यानं दूरच्या शाळेत जायचं. बरीच मुलं जात नसत. माझे वडील सरकारी कारकून, राज्य एक झाल्यावर साताऱ्याकडून बदलून आलेले. स्वस्त खोली वस्तीच्या कडेला मिळाली म्हणून मी त्या शाळेत. आईला नागपूर शेवटपर्यंत परदेशच वाटलं. पहिल्याच आठवड्यात ती भाजीवालीकडे कोथिंबीर मागायला गेली. समोर हिरव्या जुड्यांचा ढीग, आणि भाजीवाली म्हणते, कोथिंबीर तर नाही बाप्पा, सांबार आहे, नेता का? आईच्या लेखी सांबार ही मद्राशाची आमटी. ती रिकाम्या हातानं परत आली आणि वडिलांना म्हणाली, इथले लोक आमटीच्या जुड्या बांधतात.

शाळेत माझं नाव मलाबाई पडलं. सगळी मुलं मले-तुले म्हणत आणि मी मला-तुला. मी तोंड उघडलं की मागच्या रांगेतून कुणीतरी माझी नक्कल करी. विमल मात्र माझ्या बाकावर बसे आणि मागे वळून त्यांना सुनावी, "काहून गा, तुमच्या बापाचं काय खाल्लं तिनं?"

विमल काळीसावळी, हाडकुळी. तिचे बाबा हातमागावर लुगडी विणत. घरात शिरलं की आधी मागाचा खटखटाट अंगावर येई, मग भिंतीवरची बुद्धाची तसबीर दिसे, मग विमलची आई. छपरावर पोपटाचा वेल चढवलेला होता. थंडीत विमलच्या डब्यात रोज वांगं-पोपट, आणि निम्मा डबा माझा. मी आईला एकदा सांगितलं, मी आज पोपट खाल्ला. आईनं मला तोंड धुवायला लावलं.

मेश्राम गुरुजी चौथीला शिकवत. तिशीतले असतील. पांढरा सदरा, पायजमा, सायकलच्या कॅरिअरला बांधलेली पुस्तकं. छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या वेळी ते वडिलांबरोबर मैदानावर गेले होते. त्यापूर्वी शाळेत ते व्हरांड्यात बसून शिकले होते, वर्गाच्या आत नव्हे, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आडनाव विचारून मग बसायला सांगणारं जग त्यांनी भरपूर पाहिलं होतं. म्हणून असेल, चौथीच्या स्कॉलरशिपवर त्यांची जी श्रद्धा होती तशी श्रद्धा मी पुढे फार थोड्या माणसांची फार थोड्या गोष्टींवर पाहिली.

"पेपराला डोळे नसतात," ते वर्गात सांगत. "वर नाव नाही, गाव नाही, आडनाव नाही. नुसता नंबर. तपासणाऱ्याला कळतच नाही कोणाचं लेकरू आहे. असं दुसरं दार मला या जगात दाखवा."

आम्ही दाखवू शकलो नाही. आज साठी ओलांडल्यावरही चटकन दाखवता येणार नाही.

त्या दारातून आमच्या शाळेचं कुणीही अजून गेलेलं नव्हतं. पण मुख्याध्यापकांनी, म्हणजे मोठ्या गुरुजींनी, तयारी आधीच करून ठेवली होती. त्यांच्या खोलीबाहेर एक शिसवी रंगाचा फलक टांगलेला होता. वर सोनेरी अक्षरांत 'शाळेचे मानकरी', खाली अनुक्रमांक, नाव, साल असे रकाने, आणि त्याखाली चकचकीत, रिकामं लाकूड. त्याचं अनावरण नगरसेवकाच्या हस्ते नारळ फोडून झालं होतं. नगरसेवकानं भाषणात आमच्या उज्ज्वल परंपरेचा उल्लेख केला. आम्ही फलकाकडे पाहून टाळ्या वाजवल्या. लाकूड इतकं गुळगुळीत होतं की त्यात आमचेच चेहरे दिसत. त्या काळात फलकावर झळकण्याचा तेवढा एकच मार्ग आम्हाला उपलब्ध होता.

विमलसाठी मात्र त्या फलकात गंमत नव्हती. तिच्या मामानं कामठीला यंत्रमाग घातला होता आणि कांड्या भरायला त्याला माणूस हवं होतं. कांडी भरणं म्हणजे धोट्यात बसणाऱ्या नळीवर सूत गुंडाळणं. बारीक बोटांचं काम. तुटलेल्या धाग्याला विमल न बघता गाठ मारी. मामानं ते पाहिलं होतं. विमलच्या बाबांनी गुरुजींना घरी बोलावून, खाटेवर बसवून, चहा देऊन सरळ सांगितलं होतं. मी तेव्हा उंबऱ्यात बसून डबा चाटत होते.

"स्कॉलरशिपमंधी नाव आलं तं पाचवीले धाडतो, गुरुजी. शब्द देतो. नाही आलं तं मामा नेते कामठीले. मंग मले दुसऱ्या डाव इचारू नका."

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर गुरुजींना भांडता आलं असतं. परीक्षेवर तेही गुरुजींइतकाच विश्वास टाकत होते, एवढंच. पोरगी हुशार आहे का, हे त्यांना सरकारकडून लेखी हवं होतं.

गुरुजींनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, येईल नाव.

त्या दिवाळीनंतर आमच्या पाच-सहा जणांचा जादा वर्ग सुरू झाला. शाळा भरण्याआधी, मैदानात, उन्हाकडे पाठ करून. आधी त्यांनी भाषेला हात घातला. पेपर वरून येतो, म्हणजे तो 'ला'मध्ये येतो, हे त्यांनी ओळखलं होतं. मुलं चपला काढून सतरंजीवर आली की ते विचारत, 'ले' कुठे ठेवला? मुलांनी चपलांकडे बोट दाखवायचं. मग मला उभं करून 'मला, तुला, त्याला' म्हणायला लावत आणि सगळे माझ्यामागून म्हणत. ज्या तोंडांनी माझी नक्कल करायची त्याच तोंडांनी आता माझी नक्कल करायची, हा फरक मुलांच्या लक्षात आला नसेल असं नाही. वर्ग सुटला की चपलांबरोबर सगळे आपापला 'ले' पायात घालून घरी जात. विमल 'ला' इतक्या चटकन शिकली की तिच्या तोंडी तो माझ्यापेक्षा स्वच्छ वाटे. ती कुठलीही गोष्ट अशीच शिके, उपाशी माणूस ताट उचलतो तशी.

अडचण आली ती बुद्धिमत्ता चाचणीत. 'गटात न बसणारा शब्द ओळखा' हा प्रकार विमलला इतका आवडला की तिनं त्याचा नाश केला. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं: सूर्य, चंद्र, तारा, कंदील. आम्ही सगळ्यांनी पाटीवर 'कंदील' लिहिलं. विमलनं 'सूर्य' लिहिलं.

"सूर्य कसा काय?" गुरुजींनी विचारलं.

"बाकीचे तिघं रात्रीचे आहेत, गुरुजी."

गुरुजी हसले. मग त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. दुसऱ्या दिवशी गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. आम्ही 'कोंबडी'. विमल 'म्हैस', कारण बाकीच्या तिघी वस्तीत मोकळ्या फिरतात, म्हैस बांधलेली असते. तिचं म्हणणं कधीही चूक नसे. तेच भयंकर होतं. चूक असती तर सुधारता आली असती.

शेवटी गुरुजी तिच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून बसले. तुझं बरोबर आहे, त्यांनी सांगितलं, पण पेपर काढणारा साहेब खूप दूर बसलेला आहे. त्यानं तुझी वस्ती पाहिलेली नाही. त्याच्या मनात एक उत्तर आहे, आणि तेवढंच बरोबर.

"आपल्या मनातलं उत्तर नाही शोधायचं, विमल. साहेबाच्या मनातलं शोधायचं."

विमलनं विचारलं, साहेबाच्या मनात काय आहे हे कसं समजायचं? गुरुजी म्हणाले, सरावानं.

शिक्षणशास्त्रावर मी पुढे जाडजूड पुस्तकं वाचली. प्रमाणित चाचणीची इतकी नेमकी व्याख्या त्यातल्या एकाही पुस्तकात मिळाली नाही. आणि विमलनं सराव केला. त्या थंडीत ती जे दिसेल त्याचे चाराचे गट करी आणि स्वतःशी पुटपुटे: माझ्या मनातलं हे, साहेबाच्या मनातलं ते. कांड्या भरताना, पाणी आणताना, माझ्या डब्यातली पोळी आणि तिच्या डब्यातली भाजी एकत्र करताना. तिची बोटं सुतानं कापलेली असत आणि डोळे कुठल्या तरी दूरच्या माणसाच्या डोक्यात शिरायची वाट शोधत असत. दहा वर्षांची पोर ती. एकदा म्हणाली, "मले तं आता माह्याच मनातलं आठवत नाही वं." मी हसले. ती हसली नाही.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मोठ्या गुरुजींनी शुभेच्छा समारंभ ठेवला. नगरसेवक पुन्हा आला. आम्हाला ओवाळण्यात आलं, दहीसाखर हातावर पडली, आणि यशाचं रहस्य या विषयावर इतकं लांब भाषण झालं की दही आंबून गेलं असावं. फलक पुसून ठेवला होता. मेश्राम गुरुजी मागे भिंतीला टेकून उभे होते. पुढे या म्हटलं तरी आले नाहीत.

परीक्षा शहरातल्या एका मोठ्या शाळेत होती. दगडी इमारत, उंच छत, बाकावर नंबर चिकटवलेले. विमल माझ्या पुढे दोन बाकं. बुद्धिमत्तेचा पेपर हातात आला आणि मला फार बरं वाटलं. तो पेपर माझ्या आईच्या आवाजात बोलत होता. त्यातली मुलं मंडईत जात, त्यातल्या आया कोथिंबीर निवडत. मी प्रश्न सोडवत गेले. मधे कुठेतरी एक प्रश्न होता: वाल, तूर, पोपट, मूग. गटात न बसणारा शब्द खोडा. मी 'पोपट' खोडला आणि पुढे गेले. थांबायचं कारणच नव्हतं. रोज डब्यात पोपट खाणारी मी, पण पेपर हातात असताना मला ती भाजी आठवलीसुद्धा नाही.

बाहेर मैदानात कडुनिंबाखाली गुरुजी वाट बघत होते. सायकल झाडाला टेकवलेली. त्यांनी पाणी दिलं आणि विमलला एकेक प्रश्न विचारत गेले. तिला अख्खा पेपर पाठ होता. ती प्रश्न सांगे, उत्तर सांगे, आणि गुरुजी दरवेळी मान हलवत. मान हलवता हलवता त्यांचा चेहरा बदलत गेला. मी त्यांना इतकं आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतर तर नाहीच.

मग ती म्हणाली, "वाल, तूर, पोपट, मूग. मी मूग खोडला."

गुरुजी म्हणाले, "बरोबर." आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघू लागले.

विमलनं स्वतःहून कारण दिलं, शाबासकीसाठी. बाकी तिन्हीच्या शेंगा थंडीत येतात, मूग पावसाळ्यात. गुरुजी पुन्हा म्हणाले, बरोबर, एकदम बरोबर. हा प्रश्न खरा चांगला काढला साहेबानं.

मी म्हटलं, "मी पोपट खोडला."

"काहून?" गुरुजींच्या तोंडून निघून गेलं. सतरंजीवर त्यांच्या तोंडून असा शब्द कधी आला नव्हता.

"तो पक्षी आहे ना."

गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मग वर झाडाकडे बघितलं, जणू तो तिथं बसलेला असावा. त्या झाडाखाली जमलेल्या माणसांत, मास्तरांसकट, माझ्याशिवाय कुणाच्याही मनात पक्षी आलेला नव्हता. विमल एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती.  तिचे ओठ हलत होते. वाल, तूर, पोपट, मूग. साहेबाच्या मनातलं, माझ्या मनातलं.

एका प्रश्नानं काय होतं, असं गुरुजी सायकल काढताना म्हणाले. पुढचे दोन महिने ते हेच वाक्य अधूनमधून, कुणी काही न विचारता, म्हणत राहिले.

निकाल उन्हाळ्यात आला. माझं नाव होतं. शाळेतून दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

कुणाला किती गुण, हे तेव्हा कळवत नसत. म्हणजे विमल एका प्रश्नानं गेली की अनेक, हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. गोष्ट म्हणून सांगायची तर पोपटानं घात केला हे सोयीचं आहे. पण गणितातही तिचं काही चुकलं असेल, वेळ पुरला नसेल. मला आज हे दिसतं. गुरुजींना तेव्हा दिसत नव्हतं, किंवा दिसून चालणार नव्हतं. दार आंधळं आहे म्हणून न्यायी आहे, या एका गोष्टीवर त्यांनी स्वतःचं आयुष्य उभं केलं होतं. ते दार बंद झालं तर कुठेतरी बिजागरीत खडा अडकला असला पाहिजे. खडा काढता येतो.

शाळेत माझा सत्कार झाला. रंगारी बोलावून फलकावर पहिलं नाव चढलं, नगरसेवक तिसऱ्यांदा आला आणि या वेळी परंपरेचा उल्लेख करताना त्याचा आवाज भरून आला. मेश्राम गुरुजी समारंभाला नव्हते. ते ऐन मे महिन्यात, नागपूरच्या उन्हात, कानाला उपरणं बांधून बाजार पालथे घालत होते. त्यांना पोपटाची एक हिरवी शेंग हवी होती. शिक्षण खात्याच्या साहेबाच्या टेबलावर ठेवायला.

मे महिन्यात पोपट मिळत नाही. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण मागून बघण्यासारखं त्यांच्याजवळ दुसरं काही उरलं नव्हतं. भाजीवाल्या त्यांची टिंगल करत. आमच्या गल्लीतली भाजीवाली आईला हसत हसत सांगत होती की एक मास्तर रोज येते अन् पोपट मागते, मी म्हटलं गुरुजी, टोपल्यात काहून पाहता, आंब्याच्या झाडावर पाहा. आईही हसली. दोघी पहिल्यांदाच एका गोष्टीवर हसल्या, प्रत्येकीच्या मनात वेगळा पोपट होता एवढंच.

शेवटी ते विमलच्या घरी गेले. तिच्या आईनं छपरावरच्या वेलाच्या शेंगा वाळवून, दाणे फडक्यात बांधून बियाण्यासाठी ठेवले होते. ती पुरचुंडी त्यांनी मागून घेतली. विमलच्या बाबांनी मागाचा खटखटाट थांबवला नाही. मामा पुढच्या सोमवारी येणार होता.

विमल त्या सोमवारी कामठीला गेली, हे इथेच सांगून टाकते. खरं तर कामठी काय, बसनं जाऊन तासाभरात परत येता येतं. मी अनेकदा गेले, कधी लग्नाला, कधी कामाला. रस्त्यालगतच्या गल्लीतून यंत्रमागांचा आवाज येतो, बाहेर उभं राहून कुठल्या मागामागे कोण बसलंय ते कळत नाही.

पण त्याआधी, शनिवारी, गुरुजी आम्हा दोघींना घेऊन साहेबांच्या ऑफिसात गेले. मला अशासाठी की, एकाच बाकावरच्या दोन मुली, एकीनं पोपट खोडला, दुसरीनं मूग, आणि दोघीही आपापल्या घरी खऱ्या, हे साहेबांना समोर दाखवता यावं. विमल साक्षीदार होती. तिनं घरचेच कपडे घातले होते, पण वेण्या घट्ट, रिबिनी लाल. वाटेत गुरुजींनी तिला एवढंच सांगितलं की साहेब विचारतील त्याचं न घाबरता उत्तर दे. जे आहे ते सांग.

दारांना वाळ्याच्या ताट्या, त्यावर पाणी मारलेलं. आतला गारवा अंगावर आला तशी विमल माझ्याजवळ सरकली. साहेब सज्जन होते, हे मुद्दाम सांगायला हवं. त्यांनी गुरुजींना बसायला सांगितलं, आडनाव न विचारता. संपूर्ण ऐकून घेतलं. गुरुजी 'ला'मध्ये बोलत होते, एकही शब्द घसरू न देता, वर्गात फळ्यावर लिहावं तसं. मग त्यांनी पुरचुंडी सोडली आणि टेबलावरच्या काचेवर दाणे ओतले.

वाळलेले दाणे. पिवळट, तपकिरी, सुरकुतलेले. हिरवेपणाचा मागमूस नाही.

साहेबांनी एक दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला. "गुरुजी, हे तर वाल आहेत," ते म्हणाले. "आमच्या कोकणात डझनभर प्रकारचे होतात. पोपट कुठाय?"

"हाच पोपट, साहेब. ओला असतो तेव्हा हिरवा असतो."

साहेबांना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं. अशा गमती सगळीकडे होतात, ते म्हणाले, पण प्रमाण भाषा म्हणून काही हवी की नको? उत्तरं वरून ठरून येतात. एका शाळेसाठी ती बदलायची तर उद्या प्रत्येक जिल्हा आपापली शेंग घेऊन येईल. यात खोटं काही नव्हतं. गुरुजींच्या कपाळावर, त्या गारव्यात, घाम आला होता. ते म्हणाले, साहेब, माझं ऐकू नका. मुलीला विचारा. तिला विचारा पोपट म्हणजे काय.

साहेबांनी चष्मा काढला. विमलकडे वळले, आणि अगदी मायेनं विचारलं, "सांग बरं बाळ. पोपट म्हणजे काय?"

विमल एक पाऊल पुढे झाली. हात मागे बांधले. तिनं गुरुजींकडे बघितलं नाही, माझ्याकडे नाही, काचेवरच्या दाण्यांकडेही नाही. साहेबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. खूप दूर बसलेला तो साहेब तिला आज पहिल्यांदा हाताच्या अंतरावर भेटला होता. तिचे ओठ थोडे हलले. मग ती बोलली, मोठ्यानं, स्वच्छ, एकही 'ले' आत न आणता.

"पोपट हा एक पक्षी आहे. त्याचा रंग हिरवा असतो. त्याची चोच लाल असते. तो पेरू खातो. मला पोपट आवडतो."

"शाब्बास," साहेब मनापासून म्हणाले. आणि गुरुजींना, "बघा, येतंय की हिला. पुढच्या खेपेला नक्की."

चौथीच्या परीक्षेला पुढची खेप नसते.

 गुरुजींनी दाणे गोळा करायला सुरुवात केली. काचेवरून ते निसटत होते. एक साहेबांच्या फायलीखाली गेला, तो त्यांनी फाईल उचलून घेतला, आधी परवानगी विचारून. सगळे फडक्यात बांधले. नमस्कार केला. आम्ही बाहेर आलो.

बाहेर पांढरं ऊन. पायऱ्यांवर पाय ठेवला की पोळत होता. विमलचा चेहरा फुललेला होता. कित्येक महिन्यांनी तो तसा दिसत होता. खालच्या पायरीवर उतरून ती वळली आणि तिनं विचारलं, "बरोबर सांगतलं न, गुरुजी?"

गुरुजींनी सायकलचं कुलूप काढलं. हँडल धरलं, पुन्हा सोडलं.

"बरोबर सांगतलं, बेटा. एकदम बरोबर."

मग त्यांनी पुरचुंडी तिच्या हातात दिली. विमलनं ती वरखाली करून बघितली. दाणे आत खुळखुळले. माय विचारील, ती म्हणाली, साहेबानं काय म्हटलं म्हणून. काय सांगू?

गुरुजी तिच्या हाताकडे बघत होते.

"मायले सांग," ते म्हणाले, "वाल होते."